नाव न सापडलेलं दुखणं

अप्पा,

भेटायला येणारा प्रत्येक माणूस दारात चपला काढता काढताच म्हणतो, "सुटले हो अप्पा." मी मान हलवते, पाणी आणून देते. सुरुवातीला मला तो शब्द टोचायचा. कशातून सुटले? आमच्यातून? पण आता मीही तो मनातल्या मनात म्हणून बघते आणि तो मला खरा वाटतो. येणाऱ्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक आहे. शेवटचे काही आठवडे तुम्हाला दुखत नव्हतं. अजिबात नाही म्हणणार नाही, पण माणसाला माणूस राहता येईल इतपत कमी होतं. तुम्ही पेपर वाचून घेत होतात, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत होतात. त्यामुळे माझं असं झालंय की रडता रडता मध्येच हायसं वाटतं, आणि हायसं वाटलं की पुन्हा रडू येतं. सुहासला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग दोन्ही कर ना. कोण अडवतंय?" तुमचाच मुलगा.

सासरे गेले म्हणून सून इतकी हलली, याचं पुष्कळांना नवल वाटतंय. त्यांना मी काय काय सांगू? तुमच्याशीच बोलते.

आपण गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला आलो तेव्हा तुम्ही सगळ्यात जास्त वैतागला होतात. सासूबाई आधीच गेलेल्या, तुम्ही नुकतेच निवृत्त झालेले, आणि मुलाने आणून टाकलं ते अशा ठिकाणी, जिथे गॅलरीतून मिठागरं दिसायची, संध्याकाळी डासांचे थवे यायचे आणि पाणी टँकरने यायचं. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम केलेलं, त्यामुळे स्टेशनवरून घरी येईपर्यंत तुम्ही रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या तपासायचात. सिल्व्हर पार्कमध्ये तेव्हा रोज एक दुकान उघडायचं आणि रोज एक पाटी चुकायची. "नीता, हे बघ, 'फरसान'. अरे, ण कुठे गेला? समुद्रात?" चिनू, तुमची नात, तेव्हा माझ्या कडेवर. ती तुमच्याबरोबर ओरडायची, "ण कुठे गेला?"

माझं दुखणं त्यानंतरच्या वर्षात सुरू झालं. एका दिवसात नाही. आधी कमरेत, मग उजव्या पायात, मग पाठीतून वर चढत खांद्यापर्यंत. ओला टॉवेल दोघांनी दोन्हीकडून धरून पिळावा तसं आतून कुणीतरी पिळतंय असं वाटायचं. काही दिवस बरे जायचे. मला वाटायचं, गेलं. आणि मग सकाळी उठून पाय खाली टेकला की कळायचं, आहे. हाटकेशला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेब बघायचे. खुर्चीवर तासभर बसलं की उठताना टेबलाला धरावं लागायचं. तिथले शेठ भले होते. म्हणायचे, "बेन, डॉक्टरला दाखवा ने."

दाखवलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, फोटो काढला. सगळं नॉर्मल. हा शब्द तेव्हापासून माझ्या वाट्याला आला तो आलाच. सुहासला मात्र नॉर्मल ऐकून खरंच आनंद व्हायचा. तो रिपोर्ट घेऊन येताना वाटेत जिलेबी घेऊन यायचा. "चला, काही निघालं नाही!" आणि मी ती जिलेबी हसत खायचे, कारण काही निघालं नाही याचं मला वाईट वाटतंय हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तुम्ही तेव्हा काहीच बोलत नव्हतात. दिवसभर घरात तुम्ही आणि मी, कारण कारखान्यातलं काम सोडून मला घरी बसावं लागलं होतं. एका दुपारी मी पोळ्या करत होते. चिनू झोपली होती, तुम्ही बाहेर वाचत बसलाय असं मला वाटलं. लाटता लाटता कळ आली आणि मी ओट्याला डोकं टेकवून उभी राहिले. तोंडातून आवाज आला असणार. मागे वळले तर तुम्ही दारात.

"काही नाही अप्पा, जरा चक्कर आली."

"लाटणं खाली ठेव."

"होतच आल्यात. दोनच राहिल्यात."

"नीता, लाटणं खाली ठेव." मग तुम्ही आत येऊन गॅस बंद केलात. "मी कधीचा बघतोय. दुखण्याचं सोंग करणारी माणसं चारचौघांत कण्हतात आणि एकटी असली की गप्प असतात. तुझं उलटं आहे. कुणी नसलं की कण्हतेस, कुणी आलं की हसतेस."

मी खाली बसले, त्या पिठातच. किती वेळ रडले कोण जाणे. तुम्ही जवळ आला नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाहीत. तो तुमचा स्वभाव नव्हता. तुम्ही उरलेल्या पोळ्या लाटायला घेतल्यात. त्या इतक्या वाईट झाल्या की सुहासने रात्री विचारलं, "आज गॅस कमी होता का?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे.

त्या दिवसापासून माझ्या दुखण्याला घरात एक साक्षीदार मिळाला. अप्पा, हे किती मोठं असतं ते तुम्हाला कधी कळलं होतं का? दुखणं तेवढंच होतं, पण ते खरं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं अर्धं झालं.

मग आपल्या डॉक्टरांच्या वाऱ्या सुरू झाल्या. "मी येतो," एवढंच म्हणालात तुम्ही आणि टोपी चढवलीत. सून आणि सासरा दवाखान्यात शेजारी शेजारी बसलेत, हे दृश्य लोकांना चमत्कारिक वाटायचं. एका बाईंच्या दवाखान्यात तर सगळ्या पोटुशा बायका, आणि मध्ये तुम्ही धोतर सावरून बसलेले. समोर भिंतीवर मोठी पाटी, 'प्रसुतीगृह'. तुमची चुळबुळ मला कळत होती. मी हळूच म्हटलं, "अप्पा, नको." तरी आत गेल्या गेल्या तुम्ही म्हणालातच, "बाई, बाहेर प्रसूतिगृह चुकलंय. सू दीर्घ, ति ऱ्हस्व." बाई आधीच घाईत. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "दुसरं मूल होऊ द्या. सगळं जागेवर येईल." बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "हिला पाटी सुधारता येत नाही, ही तुला काय सुधारणार!" मला तुमचा राग आला होता. तो पाटीचा विषय निघाला नसता तर बाईंनी माझं आणखी दोन मिनिटं ऐकलं असतं, असं मला अजूनही वाटतं. तुम्ही हे कधी मान्य केलं नाहीत.

आणि ते दुसरे डॉक्टर आठवतात? स्टेशनजवळचे, तरुण, गोड बोलणारे. त्यांनी रिपोर्ट चाळले आणि तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दार लावून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "खरं सांगा ताई. सासरी त्रास आहे का? हे बाहेर बसलेत, हे त्रास देतात का?"

मी हसायलाच लागले. इतकी हसले की डॉक्टर घाबरले. कित्येक महिन्यांत मी तशी हसले नव्हते. बाहेर तुम्ही दुसऱ्या पेशंटला सांगत होतात, "माझी सून आहे, फार सोसते बिचारी," आणि आत तो तुम्हालाच आरोपी करत होता. रिक्षात तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही आधी चिडलात. मग घर जवळ आल्यावर म्हणालात, "त्याचं तरी काय चुकलं? त्याच्याकडे येणाऱ्या दहा बायकांतल्या निम्म्यांना तोच त्रास असेल. पण तू नाही म्हणालीस की त्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. त्याच्याकडे पुढचा प्रश्नच नव्हता."

हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडे आपण शहरात गेलो. तीन आठवडे आधी नंबर लावून. त्यांनी फोटो उजेडात धरला, बोटाने टिचकी मारली. "हाडं फर्स्ट क्लास आहेत. घरी जा, कामात मन रमवा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "अहो, चांगली बातमी देतोय आणि तुम्ही रडताय?" तुम्ही उठून उभे राहिलात. "डॉक्टर, हाडं फर्स्ट क्लास असतील. ती ज्या बाईची आहेत तिच्याबद्दल विचारायला आलोय आम्ही." त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

त्यानंतर तुम्ही जे सापडेल ते करायला लागलात. तेल झालं, काढे झाले, पायाच्या अंगठ्यात तांब्याची रिंग झाली. तुम्हाला कुणीतरी सांगितलं की उत्तनजवळ चौक गावात एक जण हाडं बसवतो. आपण बसने गेलो. त्या माणसाच्या अंगणात बोंबील वाळत घातले होते, कोंबड्या फिरत होत्या. त्याने मला चटईवर पालथं झोपवलं. "दम धर बाय, आता सरल व्हईल," असं म्हणून त्याने पाय असा खेचला की मी किंचाळले आणि सगळ्या कोंबड्या कुंपणावर जाऊन बसल्या. सरळ काही झालं नाही. पुढचे आठ-दहा दिवस मला कूससुद्धा बदलता येत नव्हती. तुम्ही माझ्याकडे बघायचं टाळत होतात. रोज भाजी चिरत होतात, चिनूची वेणी घालत होतात, आणि ती वेणी शाळेत पोचायच्या आत सुटत होती.

पण अप्पा, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी परत येताना बस चुकली आणि आपण किनाऱ्यावर होडीच्या सावलीत बसलो होतो. कळा येत होत्या तरी वारा छान होता. तुम्ही चण्याची पुडी घेतलीत आणि सासूबाईंबद्दल बोललात. लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा त्या कशा घाबरल्या होत्या ते. घरात तुम्ही त्यांचं नावही काढत नव्हतात. दुखण्याच्या त्या सगळ्या वर्षांत मला जे चांगले दिवस आठवतात त्यात तो दिवस वरचा आहे. त्या हाडं बसवणाऱ्याने पायाची वाट लावली, तरीही.

त्यानंतर मी शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. तुम्ही म्हणालात, सरकारी दवाखान्यात काय बघणार? पण शेजारच्या भाभींच्या बहिणीला तिथे गुण आला होता. "एक बार जाके तो देखो," भाभी मागेच लागल्या. सकाळभर आपण दोघं बाकावर बसलो. मग एका प्रौढ डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्यांनी रिपोर्टचा गठ्ठा बाजूला ठेवला. "हे मी नंतर बघते. आधी तुम्ही सांगा." मी सांगायला लागले. त्या मध्ये बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी माझ्या मानेवर, खांद्यावर, कमरेवर, गुडघ्याच्या आत एकेक जागा दाबून बघितली. जिथे मी दचकत होते तिथे थांबत होत्या. हात धुवून परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हे नेमकं काय आहे, मला माहीत नाही. पण तुम्हाला दुखतंय हे मला दिसतंय. कारण सापडलं नाही तरी त्रास कमी करायचा प्रयत्न करता येतो. करूया?"

करूया, म्हणाल्या. दोघी मिळून.

त्यांनी झोपताना घ्यायची एक बारीक गोळी दिली. रोज थोडं चाला, पण दमायच्या आधी थांबा. अंग मोडून काम करून मग दोन दिवस पडून राहू नका, रोज दुपारी मुद्दाम आडव्या व्हा. दुखायला लागण्याची वाट बघू नका. एवढंच. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

आणि तुम्ही! तुम्ही भडकलात. "माहीत नाही? डॉक्टर होऊन माहीत नाही म्हणते? मग शिकली कशाला?"

"अप्पा, बाकीच्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही, हिने सांगितलं."

"म्हणजे संपलं? आता शोधायचं नाही?"

"नाही. मला कंटाळा आलाय. मी आता जगून बघते."

"तू हार मानलीस, नीता."

आपलं खरं भांडण ते. त्या दिवशी बसस्टॉपवर सुरू झालं आणि मिटलंच नाही. तुमचं म्हणणं, जगात जे आहे त्याला शब्द आहे. सापडत नसेल तर शोधणारा कमी पडला. आयुष्यभर तुम्ही चुकीचा शब्द काढून बरोबर शब्द बसवलात. तुमच्या सुनेचं दुखणं तेवढं बिनशब्दाचं राहिलं, हे तुम्हाला सहन होत नव्हतं. माझं म्हणणं, शब्द मिळेपर्यंत मला भात शिजवायचाय, चिनूचा अभ्यास घ्यायचाय, आणि त्यासाठी जी ताकद लागते ती मी रांगांमध्ये खर्च करणार नाही. तुम्ही पेपरातले आरोग्याचे लेख कापून माझ्या उशीपाशी ठेवत राहिलात. मी ते कपाटात कागद म्हणून अंथरत राहिले. तुम्हाला दिसत होतं. तरी ठेवत होतात.

पण भांडता भांडता, बाईंनी सांगितलेलं सगळं तुम्हीच पाळलंत, माझ्यापेक्षा जास्त. टँकर आला की बादल्या तुम्ही आणि सुहासने भरायच्या. जेवण झालं की तुम्ही घड्याळाकडे बघायचात आणि म्हणायचात, "आडवी हो." मला लाज वाटायची. भर दुपारी सून झोपलेली, दार उघडं, सोसायटीतल्या बायका जा-ये करतायत. शालूआत्या राहायला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मी आत पडले होते आणि त्यांचा आवाज ऐकू आला. "दादा, हे काय? सून लोळतेय आणि तू भांडी घासतोयस? रिपोर्टात तर काही नाही म्हणे."

तुम्ही नळ बंद केलात. "शालू, तुझे यजमान गेले तेव्हा तुझ्या रिपोर्टात काही होतं का?"

आत्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तेव्हा तू सहा महिने जेवत नव्हतीस. आम्ही कुणी तुला फोटो काढून दाखव म्हटलं नाही. आता तो चहाचा कप दे इकडे, विसळतो."

मी आत उशीत तोंड खुपसून पडले होते. तुम्हाला वाटलं मी झोपलेय.

हळूहळू बरं होत गेलं. बरं म्हणजे गेलं नाही. चांगले दिवस वाढले, वाईट दिवस कमी झाले, आणि वाईट दिवसाची भीती कमी झाली. हाटकेशला शेठनी मला अर्ध्या दिवसावर परत घेतलं. चिनू मोठी झाली. मिठागरांच्या बाजूने एकामागून एक इमारती उठल्या. तुमच्या पाट्या तपासून संपेनात.

मग तुमचा खोकला. मग पाठीत कळ. आणि अप्पा, तुमच्या फोटोत पहिल्याच वेळेला दिसलं. छातीत उजवीकडे पांढरा डाग. काय धावपळ झाली! जिथे मला बाकावर बसवून ठेवायचे तिथे तुम्हाला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं. चार डॉक्टर फोटोभोवती उभे राहिले. तुमच्या दुखण्याला नाव मिळालं, आडनाव मिळालं, कितव्या पायरीवर आहे तेही सांगितलं. तुम्ही कॉटवर पडून माझ्याकडे बघत होतात. डॉक्टर गेल्यावर म्हणालात, "बघ, माझं लगेच सापडलं."

"हो."

"शुद्धलेखनासकट." आणि मग, "काही फारसा उपयोग नाही गं."

मला वाटलं, भांडण मिटलं. मी जिंकले असं वाटून इतकं वाईट वाटलं मला, काय सांगू. पण तुम्ही लगेच पुढे म्हणालात, "तरी तू तुझं शोध. मी गेल्यावर आळस करू नकोस."

त्यानंतरचा एक दिवस मला तुम्हाला नीट सांगायचाय, कारण तेव्हा तुमचं अर्धं लक्ष दुखण्यातच होतं. तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं. दुखणं वाढलं होतं, आणि तुम्ही ते सांगत नव्हतात. मी ओळखलं. तुम्ही चादरीची कड मुठीत धरली होतीत, बोलताना वाक्याच्या मध्येच थांबत होतात, आणि कुणी आत आलं की हसत होतात. हे हसणं मी कुठे बघितलं होतं? माझ्याच तोंडावर. सकाळच्या राउंडला एक तरुण डॉक्टर आले. मी म्हटलं, यांना फार दुखतंय. त्यांनी पुढच्या कॉटकडे बघत सांगितलं, "या आजारात तेवढं होणारच. आजोबा जरा हळवे झालेत, बाकी काही नाही. गोळी चालू आहे ना?"

अप्पा, एवढ्या वर्षांत डॉक्टरांपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. बोलणारे तुम्ही होतात. मी रडणारी. पण त्या दिवशी मी उठून त्यांच्या आणि पुढच्या कॉटच्या मध्ये उभी राहिले.

"डॉक्टर, एक मिनिट. गोळी दिल्यावर यांना दीड तास बरं असतं. मग परत सुरू होतं, आणि पुढची गोळी संध्याकाळी आहे. मधला सगळा वेळ हे दात आवळून असतात. कूस बदलताना पाठीतून कळ पोटात येते. हे तुम्हाला सांगणार नाहीत, ते तसेच आहेत. मी सांगतेय. लिहून घ्या."

ते म्हणाले, "मॅडम, आम्ही बघतोय ना..."

"बघत असाल, पण विचारत नाही. विचारा. मी थांबते इथे."

वॉर्डात सगळे बघत होते. सुहास माझी बाही ओढत होता. पण मागून मोठे डॉक्टर येत होते, त्यांनी ऐकलं. ते तुमच्या कॉटवर बसले, हो, खुर्चीवर नाही, कॉटवर, आणि तुमचा हात हातात घेऊन विचारलं, "काका, दुखतंय का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवली. मग तुम्ही म्हणालात, "हो. फार."

आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्या तोंडून ते ऐकलं.

त्यांनी औषध बदललं. जोराचं दिलं आणि वेळेवर दिलं, दुखणं परत यायच्या आधी. जेवणाची वेळ टळायच्या आत तुमची मूठ सुटली. चादर हातातून गळून पडली. तुम्ही झोपलात, तोंड जरा उघडं, लहान मुलासारखे. सुहास बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. मी नाही रडले. मला इतकं हलकं वाटत होतं की भूक लागली. खाली जाऊन मी दोन इडल्या खाल्ल्या आणि वर येऊन परत तुमच्या शेजारी बसले.

तेच औषध घेऊन आपण घरी आलो. मग ते आठवडे. चिनू तुम्हाला पेपर वाचून दाखवायची आणि मुद्दाम चुकीचं वाचायची, तुम्ही डोळे मिटूनच दुरुस्त करायचात. सगळे विचारत, "कसं वाटतंय?" मी कधी विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस किती दमतो ते मला माहीत होतं. मी विचारायचे, "उशी वर घेऊ का खाली?" एकदा तुम्ही म्हणालात, "तुला बरं कळतं गं." एवढंच. मी म्हटलं, "पाणी हवंय का?" आपण दोघंही अशाच माणसांतले. जे म्हणायचं ते पाण्यावर आणि उशीवर भागवणारे. मला त्याचं दुःख नाही. आपलं सगळं एकमेकांना पोचत होतं.

गेलात तेही शांतपणे. सकाळी चहा घेतलात, साखर कमी आहे म्हणालात. मी साखर आणायला गेले आणि परत आले तोवर तुम्ही नव्हतात. चेहऱ्यावर एकही सुरकुती आवळलेली नव्हती. मी आधी तेच बघितलं.

आपलं भांडण तसंच राहिलं. राहू दे. कधी कधी कपाट उघडलं की अंथरलेल्या कागदावरचा मथळा वाचते आणि तुमच्याशी वाद घालते. उद्या कदाचित कुणी डॉक्टर मला नाव सांगेल, आणि तुम्ही बरोबर ठराल. कदाचित नाही सांगणार. मी त्यासाठी अडून बसलेली नाही.

तुमचं दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. गेले काही दिवस माझं अंग फार दुखतंय. दगदग झाली, रडणं झालं, ते निघणारच होतं. आज रविवार. सकाळी मी डाळ धुवायला घेतली आणि मधेच थांबले. सुहास पेपर वाचत होता. मान वर करून म्हणाला, "दुखतंय?"

"हो."

"बरं. कुकर मी लावतो."

चिनू उठून गॅलरीतला पडदा ओढून आली. मी आत जाऊन आडवी झाले. बाहेर सुहास आणि ती डाळीत पाणी किती घालायचं यावरून भांडत होते. मी डोळे मिटले. मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तुमची,
नीता